बदकाला पंखा

आई,

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. पासिर रिसच्या या गृहस्थाश्रमातला एकमेव टेबलफॅन दुपारपासून एका मृत बदकाच्या सेवेत रुजू आहे, आणि गृहस्थ स्वतः घामाने निथळतोय. आदेश तुझा. तुला जाऊन आठ वर्षं झाली, तरी या स्वयंपाकघरात अजून तुझंच चालतं.

समोरच्या चिनी आंटींनी मला हे कुरकुरीत बदक शिकवलं. आलं, सोया सॉस, पाच मसाल्यांची पूड चोळायची, निवांत वाफवायचं, मग अख्खं तळायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा तू इथेच होतीस. जन्मात अंड्यालाही न शिवलेली तू नाकाला पदर लावून दारात उभी, आणि मी कढईतून उडणारं तेल चुकवत नाचतोय. "अरे, कुरडई ओली तळतात का? आधी खडखडीत वाळव, मग घाल तेलात!" दुसऱ्या खेपेला पंख्यासमोर वाळवलं. आंटींनी कातडीचा तुकडा मोडला, तो पापडासारखा वाजला. त्यांनी तुला अंगठा दाखवला. तू "शिव शिव" म्हणालीस, पण चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा.

त्याच आठवड्यात तुला कॅसिनो बघायचा होता. "जन्मभर पोरांकडून द्यूताची निंदा पाठ करून घेतली, एकदा बघू तरी दे काय असतं ते," हा संस्कृतच्या बाईंचा शास्त्राधार. पासपोर्ट दाखवून आत शिरताना विचारतेस काय, तर "चपला इथेच काढायच्या का रे?" मी पत्त्यांच्या टेबलाशी बसलो, तू मागे उभी. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "थोडं जिंकलो." परतताना एमआरटी मेट्रोत तू पर्स उघडलीस. मग म्हणालीस, "हरलास ना? हरल्याचं काही नाही रे. पण घरी पोचायच्या आत सांगून टाकावं. एकदा चपला काढून आत गेलं, की सांगवत नाही." आणि पर्समधला खडीसाखरेचा खडा माझ्या तळहातावर ठेवलास. श्लोक तू खूप शिकवलेस, त्यातले निम्मे विसरलो. हे वाक्य नाही विसरलो, आणि त्यावर माझा संसार बराच सुखाचा झाला. त्याबद्दल तुला कधी काही म्हणालो नाही, ते आज म्हणतो.

आत्ताच लेक येऊन बदकावर टिचकी मारून गेली. "बाबा, ड्राय ऑलरेडी लाह! आई विचारतेय, कधी तळणार?"

"अजून थोडं," म्हणालो.

हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून खरं लिहितो. वन-नॉर्थमधल्या माझ्या ऑफिसने मंगळवारी कळवलं, वर्षअखेरीनंतर माझी जागा नाही. नोकरी नाही तर या देशात राहायचा पास नाही, आणि लेकीची मोठी परीक्षा पुढच्या वर्षी, इथे. मंगळवारपासून रोज मी बूट काढून गुपचूप आत येतोय. आज जेवताना दोघींना सांगायचं ठरवलंय. बदक केव्हाच वाळलंय, आई. पंखा मीच बंद करत नाहीये.