गॅरंटी नसलेला माल

मंगळवार, १४ मार्च, दुपारचे सव्वाचार.
(हवा खेचणाऱ्या पंपाशेजारी स्टुलावर बसून, दाबाचा काटा जागेवर आहे ना, ते दोनदा पाहून.)

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे आणि मामींचा राग कसा आहे? दोन्ही जिना चढताना वाढतात, म्हणून एकदमच विचारतो.

तुम्ही सुचवलेल्या स्थळाचे वडील परवा आमच्या प्रयोगशाळेत येऊन गेले. होणारा जावई काय बनवतो ते पाहायचे होते. (मी काहीच बनवत नाही. एका लांब नळीत हवा शिरू द्यायची नाही, एवढेच माझे काम. ऐकून म्हणाले, "म्हणजे काही नसण्याची राखण!") त्यांचे कपाटांचे दुकान आहे आणि प्रत्येक कपाटाला ते दहा वर्षांची गॅरंटी देतात, हे तुम्ही मला आधी सांगायला हवे होते.

मी घाबरत घाबरत समजावले. दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले, की तिथले अणू न्यूट्रॉन गिळत सुटतात, फुकटचे मिळाल्यावर आमचा धाकटा भाऊ खातो तसे. पोटात मावत नाही तरी गिळतात. मग बिघडत, बदलत कुठेतरी स्थिरावतात आणि त्यातल्याच काहींचे सोने होते. असले फुगलेले अणू आम्ही इथे मोजकेच बनवतो आणि ते कसे वागतात ते पाहतो. इथवर ठीक होते. पण "तुमच्या अंगठीलासुद्धा एकेकाळी असेच अजीर्ण झाले होते," असे माझ्या तोंडून गेले. त्यांनी अंगठीवर दुसरा हात ठेवला.

तेवढ्यात पडद्यावर असल्या एका अणूचा ठिपका उमटला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "बघू माल," कपाटवाले म्हणाले. मी म्हणालो, गेला. "कुणी नेला?" मी म्हणालो, तो टिकतच नाही, पापणी लवायच्या आत संपतो. "आणि तुम्ही टाळ्या वाजवता?"

मग त्यांनी सवयीने नळीवर टकटक केली, फळी अस्सल आहे का पाहावे तशी, आणि एक तोटी घट्ट आहे ना, ते फिरवून पाहिले. घट्ट होती. फिरवल्यावर राहिली नाही. हवा आत, भोंगा सुरू, यंत्र बंद. प्रयोग चालवणाऱ्या शास्त्रज्ञ बाई धावत आल्या. मी पुढे होऊन म्हणालो, चूक माझी. बाई जे बोलल्या ते लिहीत नाही. त्यातले निम्मे शब्द शब्दकोशात सापडले नाहीत, आणि अशुद्ध लिहिणे मला जमत नाही.

फाटकापाशी कपाटवाले थांबले. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मुलगा पक्का आहे. नोकरीही पक्की ना?" मी मान हलवली. (कोणत्या दिशेला, ते नीट आठवत नाही. त्यांनी होकार धरला.)

तुमचा भाचा

ता. क. माझी नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची आहे. हे त्यांना तुम्हीच सांगा. सांगताना एवढे लक्षात आणून द्या, की आमच्या मालाच्या हिशेबाने अकरा महिने म्हणजे युगेच्या युगे.

आणखी एक ता. क. मुलीला सगळे माहीत आहे. ती औषधांच्या दुकानात असते, पहिल्याच भेटीत तिने विचारले, "मुदत कधीपर्यंत?" मी खरे सांगितले. म्हणाली, "चालेल. मी तारीख बघूनच घेते. पण बाबांपासून ती झाकायची नाही." तेव्हा मामा, गुडघा असेल तसा निघा. अकरातला एक गेलासुद्धा.