शनिवारच्या सभेतली तुमची लबाडी

प्रिय अहो,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. इतके दिवस लिहिलं नाही, पण आज राहवत नाही. तुमची लबाडी सापडली!

उद्यापासून मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवणार. हो, मी! पहिला धडा तुमच्या लाडक्या व्हायकिंगांचाच घ्यायचा, म्हणून तुमचं ते जाडं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचायला बसले.

किती डोकं खाल्लंत तुम्ही त्या हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी दर्यावर्दी लोकांपायी! बाकीच्यांना त्यांच्या लढायांचं कौतुक, तुम्हाला त्यांच्या कंगव्यांचं. ते दर शनिवारी न चुकता न्हायचे, असं ऐकवत तुम्ही आपल्या शालूचं डोकं शिकेकाईनं खसाखसा धुवायचात. पोरगी किंचाळायची, "बाबा, मला नाही व्हायचं व्हायकिंग!"

मग ओल्या केसांनी सगळ्यांनी चुलीभोवती बसायचं. त्यांच्याकडे गावाची सभा भरायची, म्हणून आपल्याकडे घराची. एकेकानं बोलायचं, मधे कुणी तोंड घालायचं नाही. "त्यांच्यात बायकासुद्धा बोलायच्या," हे तुम्ही छातीठोकपणे सांगितलंत. शालूनं दोडक्याविरुद्ध तक्रार केली. मी भीत भीत म्हटलं, मला मॅट्रिकला बसायचंय, आणि बसून पासही झाले. तुमच्या आई मात्र दर वेळी "मेरा कुछ नहीं" म्हणून मोकळ्या व्हायच्या.

तुमच्यामागे सभा बंदच पडली. गेल्या महिन्यात दरवर्षीसारखं उन्हाळ्यापुरतं सरकार ग्वाल्हेरहून इंदुरात आलं आणि त्याच्याबरोबर सेक्रेटरिएटमधले आपले भाऊजीही. पाणी पिऊन होतंय तोच म्हणाले, "वहिनी, तुम्ही शालूला घेऊन धारला माहेरी जा. नोकरी-वोकरी रहने दो."

धारला गेले असते तर भावाच्या घरी जन्मभर पोळ्याच लाटल्या असत्या! काय करणार? शनिवारी सभा बोलावली. भाऊजी बोलले. मी बोलले, रडलेही. आणि तुमच्या आईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "ही कुठे जाणार नाही. शाळेत शिकवायला जाईल. शालूला मी बघीन. अब बस!"

भाऊजी काही म्हणायला गेले, तर शालूच ओरडली, "काका, बीच में नहीं!"

आणि आज पुस्तक काय म्हणतं? त्या बायका कमरेला किल्ल्या लावून सगळं घर चालवायच्या, नवरा समुद्रावर गेला की शेतही बघायच्या. पण सभेत बोलायचा हक्क पुरुषांचा! अहो, इतकी वर्षं बेधडक खोटं? मला तरी सांगायचंत! मी काय रागावले असते? बरं, रागावले असते.

आईंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे माझं बोलणं बेकायदा?" मग पदर तोंडाला लावून हसतच सुटल्या. "असू दे गं. आता तर बोलून झालंय!"

शिक्षक असून चुकीचं शिकवलंत, मार्क कापायलाच हवेत. पण फार आठवण येते हो तुमची.

एक वचन देते. वर्गात मी खरं तेच सांगेन, की त्या बायकांना सभेत बोलता येत नव्हतं. आणि सांगून झालं की मुलींना गोल करून बसवीन आणि जी कधीच बोलत नाही, तिलाच पहिल्यांदा विचारीन, "बोल, तुला काय म्हणायचंय?"

तुमचीच,
कुसुम