धुक्याचं स्पेलिंग

अण्णा, आज वर्ग अर्धा तास आधी सोडला. घसा बसलाय, पाय ठणकतात, पण खरं कारण वेगळंच आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गंगापूर रोडला एका दवाखान्याच्या वरची खोली घेतली आणि मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवू लागले. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या ऑफिसातली पोरं येतात, नर्सबाई येतात आणि नातवंडं परदेशात वाढतायत अशा बायका येतात. चौथा धडा हवापाण्याचा. सनी, क्लाउडी, विंडी, फॉगी. फोनवर माणसं पहिल्यांदा तेच बोलतात, म्हणून तो मी लवकर घेते. तेच शब्द फळ्यावर लिहून लिहून आता खडू धरायचाही कंटाळा येतो. वर्ग पेंगायला लागला की मी तुमची, माझ्या वडिलांची, गोष्ट सांगते. सगळे हसतात, जागे होतात. कितव्यांदा सांगितली, आठवत नाही.

इगतपुरीजवळच्या धरणावरची ती पत्र्याची चौकी मला अजून जशीच्या तशी दिसते. तुम्ही तिथे रोजंदारीवर आहात. रोज सकाळी पाऊस मोजायच्या भांड्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, डोळा तिच्या पातळीला आणायचा आणि आकडा रजिस्टरात लिहायचा, हे तुमचं काम. आकडे तुम्हाला येत होते, लिहिणं-वाचणं नाही. शेजारच्या रकान्यात हवा कशी आहे ते इंग्रजीत लिहावं लागे, ते कारकून लिहायचे. त्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. रजिस्टर पूर्ण भरता आलं तर कायम करण्याच्या यादीत नाव घालू, असं साहेब तुम्हाला म्हणाले. त्याच दिवशी घरी येऊन तुम्ही माझ्यासमोर मांडी घालून बसलात. मी सातवीत होते. "मास्तरीण, मला पाच-सा शब्द दे. जास्त नको."

मी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे यादी केली, तुम्हाला ओळखू यावं म्हणून हवेची लहान चित्रं काढून. तुमचे प्रश्न संपेनात. उघडिपीला क्लिअर म्हणतात, असं सांगितलं, तर तुम्ही मान हलवली. "क्लिअर म्हंजी साफ. उघडीप लय येगळी. ती घटकाभराची आसती." पुस्तकातले ऋतू वाचून दाखवले, स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. तुम्ही बोटांवर मोजलंत आणि विचारलंत, "ह्यात आपला पावसाळा कुठं हाय?" पुस्तकात पावसाळा नव्हताच, म्हणून मला राग आला. बाहेर मैत्रिणी लंगडी खेळायला थांबल्या होत्या. उरलेले शब्द मी पुस्तक न बघता भराभरा लिहिले आणि पळाले. धुक्याच्या चित्रापुढे एफ, आर, ओ, जी अशी चार अक्षरं लिहिली होती.

पावसाळा लागला आणि पहिले दोन आठवडे घाटावर धुकं हललंच नाही. तुम्ही रोज सकाळी ते पान खिशातून काढायचात, एकेक अक्षर बघून रजिस्टरात उतरवायचात. तुमचं अक्षर माझ्याहून सुबक होतं. तपासणीच्या दिवशी मी डबा घेऊन आले, तेव्हा साहेब रजिस्टर हातात धरून मोठ्यानं वाचत होते. "अरे, हे काय? सोमवारी बेडूक, मंगळवारी बेडूक, बुधवारीसुद्धा बेडूकच! धरणावर पाऊस पडतो का बेडूक पडतात?" त्यांच्याबरोबरची चारही माणसं पोट धरून हसली. साहेब वाईट नव्हते. लाल पेनानं त्यांनी सगळीकडचा आर खोडला आणि सहज विचारलं, "तुला हे शिकवलं कुणी?" मी दारातच उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझं मीच शिकलो, साहेब," म्हणालात.

घरी येताना बांधावरून तुम्ही पुढे, मी मागे. मग न वळताच तुम्ही म्हणालात, "मधला आर नको व्हता तर." एवढंच. मी "हं" म्हटलं. माझं चुकलं, असं म्हणायला त्या वाटेवर भरपूर जागा होती, अण्णा. कायमच्या यादीत त्या साली तुमचं नाव आलं नाही. बेडकामुळे आलं नाही की दुसऱ्या कशामुळे, ते कुणी सांगितलं नाही, तुम्हीही विचारलं नाहीत. पुढे सहा पावसाळे तुम्ही रोजंदारीवरच काढलेत.

कॉलेजात मी ही गोष्ट मैत्रिणींना सांगितली, पण मी लिहून दिलेलं पान त्यातून काढून टाकलं. उरलं एवढंच, की आमच्या अण्णांनी सरकारी रजिस्टरात पंधरा दिवस बेडूक लिहिला. खूप हसल्या. मग लग्नात सासरच्या मंडळींसमोर सांगितली, जेवणाच्या पंगतीत, आणि तुम्ही बुंदीचं ताट घेऊन मागेच उभे होतात. सगळे हसले, तसे तुम्हीही हसलात. म्हणालात, "व्हय, लय बेडूक झाले व्हते त्या साली." आणि पुढच्या पानाकडे गेलात. तुम्ही मला रागावला असतात तर बरं झालं असतं. आयुष्यात एकदाच रागावलात, मी शाईची दौत सांडली तेव्हा.

गेल्या आठवड्यात मी नेहमीप्रमाणे गोष्ट सांगितली. देवळ्याच्या एक बाई येतात, साठीच्या, मुलीची मुलं कॅनडात आहेत. सगळे हसत असताना त्यांनी हात वर केला. "पण मॅडम, त्यांना वाचता येत नव्हतं ना? मग त्यांना ते लिहून दिलं कोणी?" चोवीस वर्षं शाळेत आणि इथे पाच वर्षं, मला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "त्यांचं तेच शिकले." आणि फळा पुसायला वळले.

म्हणून आज वर्ग सुरू होताच खुर्चीत बसून सगळं सांगितलं. लंगडी, पान, लाल पेन, दारात उभी राहिलेली मी. शेवटपर्यंत सांगितलं. देवळ्याच्या बाई म्हणाल्या, "बापानं झाकलं व्हय. बाप झाकतोच." नर्सबाईंनी वहीत मान घातली. ऑफिसातला एक पोरगा खिडकीबाहेर बघत राहिला. पुढे धडा घेववेना, म्हणून त्यांना लवकर सोडलं आणि रिकाम्या बाकांसमोर हे लिहायला बसले.

मन हलकं झालं, असं लिहायला हवं होतं. तसं काही झालेलं नाही, फक्त फार थकवा आलाय. हे पत्र पाठवायला पत्ताही नाही, आणि असता तरी ते तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, ते मला नको आहे. एक मात्र तुमच्यापासून लपवत नाही. खरी गोष्ट सांगून झाल्यावर खोलीत कुणीच हसलं नाही, अण्णा, आणि मला त्यांचं हसणं हवं होतं.