दोन बाद एकशे दहा

बाबा, गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या मुलीने मला दोनदा काहीतरी विचारलं. मला ऐकू गेलं नाही, तर तिसऱ्यांदा तिने माझ्या लेकीलाच विचारलं, "यांना कळतं ना सगळं?" तेव्हा तुमची आठवण झाली. फुलपाड्यातला किराणावाला असाच आईला विचारायचा, साहेबांना कुठला चहा लागतो म्हणून, आणि साहेब समोर पिशवी धरून उभे. ऐकू कमी येतं म्हणजे अक्कलही कमी, असं लोकांनी धरूनच टाकलेलं. बाकीच्यांना तुमचं ऐकण्याचं मशीन रेडिओ वाटायचं. शर्टाच्या खिशात डबी आणि तिथून कानात गेलेली वायर. स्टेशनच्या पुलावर, मासळीबाजारात, कोणीही थांबवून स्कोअर विचारायचं. तुम्ही कपाळाला आठ्या घालून सांगायचात, "दोन बाद एकशे दहा." कित्येक वर्षं भारत तिथेच खेळत होता.

मग मला बघायला नायगावची मंडळी येणार असं ठरलं. तुमचे कान कारखान्यातल्या मागांच्या खडखडाटाने गेले होते, पण लोक म्हणत बहिरेपण रक्तातून उतरतं, आणि दोन स्थळं त्यावरूनच गेली होती. आईने मशीन कपाटात ठेवायला सांगितलं. मुलीचं बोलणं चाललेलं असताना मी नुसती मान हलवत बसू का, म्हणून तुम्ही ऐकलं नाहीत. मी पोहे घेऊन आले तोच मुलाच्या वडिलांची नजर वायरवर गेली. कोणी विचारायच्या आत मीच म्हणाले, "रेडिओ आहे. बाबांना क्रिकेटचा फार नाद." तुम्हाला ऐकू जाऊ नये इतकं हळू म्हणाले. तुम्ही पोह्यांवर लिंबू पिळता पिळता स्कोअर सांगून टाकलात.

झालं, ते सरकून तुमच्याशेजारी आले आणि तुमच्या कानातलं काढून त्यांनी स्वतःच्या कानात घातलं. आई ट्रे घेऊन उभीच राहिली. ते ऐकताहेत, ऐकतच आहेत. समोर त्यांच्या पत्नी मुलाला पुटपुटल्या, "मुलगी चांगली आहे. पण तुझ्या बाबांना मोठ्याने सांगावं लागेल." त्यांनी तिकडे शांतपणे पाहिलं. "मोठ्याने नको. ऐकलं मी." म्हणजे लपवालपवी दोन्ही घरांत चालली होती. चहा संपेपर्यंत माझ्या सासऱ्यांनी वायर सोडली नाही, आणि तुम्ही काही ऐकू येत नसताना खुशीत हसत बसलात. लग्न ठरलं हे तुम्हाला सगळ्यांत शेवटी कळलं.

ही गोष्ट मी सगळ्यांना हसवत सांगते, पण एक भाग गाळते. मी रेडिओ म्हणाले त्या वेळी तुमचं मशीन चालू होतं. मी तुम्हाला लपवलं ते तुम्ही ऐकलंत, आणि ऐकूनच मला सांभाळून घेतलंत. बाबा, त्याची मला फार लाज वाटते. हे पत्र तुमच्या त्या मशीनच्या डब्यात घडी करून ठेवते आहे. आता माझंही मशीन आलंय, शेंगदाण्याएवढं, केसांखाली दिसतही नाही. तरी परवा महिला मंडळात एकीने विचारलंच, कानात काय आहे. मी म्हणाले, मॅच ऐकतेय.