धुळ्याच्या स्थळासोबत पाहिलेला नाचाचा सिनेमा

जळगाव, रविवार, २० जानेवारी १९९१

आज सुरेश धुळ्याहून मला भेटायला आले. होकार की नकार, ते आबांनी माझ्यावरच सोडलंय. सुरेशची धाकटी बहीण रेखा सोबत होती, म्हणून तिघं सिनेमाला गेलो. इंग्रजी, नाचाचा, दुसरा भाग. पहिला पाहिला नव्हता, तरी अडलं नाही. ताटातूट झालेली दोघं पुन्हा भेटतात, एवढीच गोष्ट. पण ते परदेशी ढोल! ठेका थेट कमरेत शिरतो. राग, रुसवा, माफी, सगळं ती दोघं पायांनीच बोलतात. किती सुंदर!

अंधारात सुरेशचा बूट ठेका धरत होता, तोही चुकीचा. मला हसू आवरेना. त्यांनाही ते कळलं, तरी बूट काही थांबला नाही!

बाहेर आल्यावर म्हणाले, "तुम्ही कॉलेजात नाचायच्या म्हणे. का सोडलं?"

"सासरी चालत नाही म्हणतात."

"आमच्याकडे चालेल."

रेखा दचकली. "दादा, आईला विचारलंस?"

"विचारूनच आलोय."

आधी विचारून आले? माझ्यासाठी? रस्ताभर दुसरं काही सुचलंच नाही. घरी पोचले आणि चपला न काढताच सांगितलं, "आबा, धुळ्याला होकार कळवा."