संघप्रियाला दिलेले पैसे उसने नव्हते

मी, भाऊसो दत्तू शिंगे, वय ६६, एस.टी. वर्कशॉपातून निवृत्त, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, डोकं ठिकाणावर असताना (बायकोचं मत वेगळं आहे) आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो की:

१. राहतं घर पत्नी पारूबाई हिचं. तिच्यामागं मुलगी संघप्रिया व मुलगा धम्मपाल यांना निम्मं निम्मं. धम्मपाल तोंड वाकडं करील. करू दे.

२. पान्ह्यांची पेटी धम्मपालला. त्यातला मोठा पान्हा शेजारच्या कृष्णातनं नेलाय, तो भांडून परत आणावा.

३. आता मुख्य. १९९७ साली निवृत्तीचे पैसे आले, त्यातले एक लाख ऐंशी हजार मी संघप्रियाला जयसिंगपूरच्या घरासाठी रोख दिले. ह्याच कृष्णातनं मला शहाणपण शिकवलं, "भाऊसो, तीस हजाराच्या वर बक्षीस दिलं की देणाऱ्यालाच कर बसतोय. उसनं दिल्याचा कागद कर. पोरीला कारण सांगू नगंस, चौकशीत बोलून बसंल." मी ऐकलं. स्टॅम्पवर तिची सही घेतली. तिनं मान वर केली नाही. त्याच महिन्यात धम्मपालला मोटारसायकलीला पंचवीस हजार दिले. ते तिसाच्या आत, म्हणून कागद नाही. तिला दिसलं ते एवढंच. तेव्हापासून दर महिन्याला तिची पाचशेची मनिऑर्डर येते, ती स्वतः येत नाही. १४ एप्रिललासुद्धा नाही.

४. गेल्या महिन्यात वकिलांना विचारलं. म्हणाले, बक्षिसावरचा तो कर अठ्ठ्याण्णवलाच गेला. मग पंचवीस हजारांच्या वर बक्षिसाला कर, असं हे नवीन ऐकतोय ते काय? तर ते परक्यानं दिलं तर. आईबापानं दिलेल्याला कर नाही. उलट वीस हजारांच्या वर रोख उसनं घेणंच कायद्यात बसत नव्हतं! म्हणजे तीस चुकवायला गेलो आणि विसात अडकलो. मी अडकलो का पोरगी, हे तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी सांगितलं, मी मान डोलावली आणि काही कळलं नाही.

शेवटी म्हणाले, "बक्षीसपत्रात कारण लिहायचं असतं, प्रेम व जिव्हाळ्यापोटी." हे सरकारला सांगावं लागतं, मला ठाऊक नव्हतं. मी पोरीलाही कधी सांगितलं नव्हतं.

५. म्हणून लिहून देतो की ती रक्कम मी प्रेमापोटी दिली. माझा तिच्यावर फार जीव आहे. स्टॅम्प रद्द समजावा. मनिऑर्डरीचे पैसे तिच्याच नावानं पोस्टात ठेवलेत.

इथवर पारूबाईला वाचून दाखवलं. ती उसळलीच. "तुमी मेल्यावर तिला कळायचं व्हय? मग तिनं भांडायचं कुणासंगं? उठा, जयसिंगपूरची गाडी धरा!"

आज आलो. दारात तोंड उघडेना, म्हणून हे कागदच संघप्रियाच्या हातात दिले. तिनं उभ्या उभ्या वाचले. म्हणाली, "आठ वर्षं, बाबा. एवढं तोंडानं सांगता आलं न्हाय?"

म्हटलं, "न्हाय आलं."

सही इथंच करतो.

भाऊसो दत्तू शिंगे
ठिकाण: ~~कोल्हापूर~~ जयसिंगपूर
दि. १९ जून २००५

साक्षीदार, दोघेही संघप्रियाताईंचे शेजारी:
१. बाळासो आप्पा मगदूम
२. हंबीरराव ज्ञानू चौगुले

वरील सही आमच्यादेखत झाली. सही करताना लिहून देणार आणि त्यांची मुलगी दोघंही रडत होते. शुद्धीवर होते.