फक्त वाचण्यापुरतं

अण्णा, मागच्या खोलीतला तुमचा कॉम्प्युटर काल भंगारात दिला. देण्याआधी एकदा सुरू केला. तुमचं नाव आलं आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. पासवर्ड मला पाठ आहे, तो मीच ठरवला होता: नापास, इंग्रजी अक्षरांत, पहिलं अक्षर मोठं. नववीत तुम्ही आम्हाला मराठी शिकवायचात. दोन गुणांसाठी मला, पोटच्या पोराला, नापास केलंत आणि वर्गात उभं करून निकाल वाचून दाखवलात. निवृत्त झाल्यावर तुम्हाला टायपिंगची हौस आली, तेव्हा पुढच्या खोलीत माझं लग्नपत्रिकांचं काम चालायचं. तुमच्या जुन्या यंत्राचा भरवसा नव्हता, म्हणून दोन्ही यंत्रं जोडून माझ्या कॉम्प्युटरवर तुमच्यासाठी एक फोल्डर केला. त्यात शिरायचं तर रोज सकाळी अंघोळ करून, एका बोटाने, तुम्हाला तो शब्द टाइप करावा लागे. तुम्ही एकदाच विचारलंत, "हे बदलता येतं का रे?" मी म्हणालो, "न्हाई येत." येत होतं.

तुम्ही मायवर लिहीत होता. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. दुपारी तुम्ही झोपलात की मी ते उघडून वाचायचो. अकरा पानं झाली होती. अकराव्या पानावर लिहिलं होतं की ती कधी तक्रार करत नसे. शाळेच्या तपासणीला साहेब आले त्या दिवशी तिचे वडील गेल्याचा निरोप येऊनही तिने चौघांना हसतमुखाने जेवू घातलं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होतो. माय पिशवी भरून उभी आहे. पालीला माहेरी जायचं तर दुपारची बस गाठायला हवी. तुम्ही दार अडवून सांगता, "साहेब जेवल्याबिगर जायचं न्हाई. मेलेला माणूस कुठं पळून जातोय?" ती पिशवी खाली ठेवते आणि भाकरी थापायला बसते. पिठलं खाली लागतं. तुम्ही आत येऊन, साहेबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, त्यावरूनही तिला बोलता. ती पोचली तेव्हा तिच्या बापाची माती होऊन गेली होती.

अकरावं पान वाचलं आणि मी फोल्डरची परवानगी बदलली. तुमच्या नावासमोर आता फक्त वाचण्याची मुभा होती, लिहिण्याची नव्हती. दुसऱ्या सकाळी तुम्ही दोन तास टाइप केलंत, सेव्ह करायला गेलात, इंग्रजीत काहीतरी आलं. तुम्ही हाक मारलीत. मी येऊन पाहिलं आणि म्हणालो, "तुमी कायतरी चुकीचं दाबलं आसंल." मग तुमच्या डोळ्यांदेखत फाइल बंद केली. दोन तासांचं गेलं. असं नऊ सकाळी झालं. यंत्रच बिघडलंय का, असं तुम्ही मधे एकदा विचारलंत. मी तुमच्या खुर्चीवर बसलो, माझ्या नावाने लॉगिन केलं, एक ओळ लिहिली, सेव्ह केली. "बघा. होतंय की." तुम्ही चष्मा काढून पुसलात.

त्यानंतर तुम्ही स्वतःहून म्हणालात, बीडला डॉक्टरला दाखवू. मांजरसुंब्याला एसटी थांबली, आपण चहा घेतला. कप बशीत ठेवून तुम्ही म्हणालात, "मला वाटतं मी केलं सेव्ह. केलेलंच नसतं. डोस्कं गेलं माझं." मी म्हणालो, वय झालं. डॉक्टरांनी वार विचारला. तुम्ही वार सांगितलात, वर तिथीही सांगितलीत. डॉक्टर हसले. तरी गोळ्या दिल्या, आणि तुम्ही त्या घेतल्या. मागच्या खोलीत जाणं बंद झालं. शेजाऱ्यांशी बोलताना त्यांचं नाव तुम्ही आधी मला हळूच विचारून घ्यायचात, माहीत असलेलंच. पुढच्या वर्षी झोपेतच गेलात. शेवटी शेवटी अण्णांना विसर पडत होता, असं मी सगळ्यांना सांगतो. लोक मान हलवतात. आपल्या कड्या गावात तुमचे अजूनही बरेच विद्यार्थी आहेत, त्यांना फार वाईट वाटतं.

नवव्या सकाळचं मी कुणाला सांगितलेलं नाही. वर्गात शुद्धलेखन घालायचात तसं, प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत तुम्ही टाइप करायचात. मधली भिंत एका विटेची. पहिले आठ दिवस मी छापायचं यंत्र मुद्दाम चालू ठेवलं होतं. त्या दिवशी वीटभट्टीवाल्याच्या मुलीची पत्रिका पडद्यावर जुळवत होतो, त्यामुळे खोलीत आवाज नव्हता. तुम्ही म्हणत होता: त्या दिवशी... ती हसत नव्हती. मी तिला... जाऊ दिलं नाही. मग थांबलात. मग तेच पुन्हा, पहिल्यापासून, सावकाश. तुम्ही सेव्ह करायला जाऊन मला हाक मारेपर्यंत पाव तास गेला असेल. परवानगी परत द्यायला अर्धं मिनिट पुरलं असतं, आणि यंत्र माझ्यासमोरच होतं. मी नवरीच्या मामांची नावं मानाप्रमाणे वरखाली करत राहिलो.